सहा आठवडे वापरलेला स्क्रोटल सपोर्ट: वस्तू चांगली, खोक्यावरचा मजकूर अपुरा

स्क्रोटल सपोर्ट विकत घेताना दुकानात कोणी चार प्रश्न विचारत उभे राहत नाही. कमरेचे माप सांगायचे, खोके पिशवीत टाकायचे आणि मागचे गिऱ्हाईक पुढे यायच्या आत तिथून निघायचे, असाच बहुतेकांचा खाक्या असतो आणि माझाही तोच होता. त्यामुळे या वस्तूविषयी जे प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवे होते ते मी तिसऱ्या दिवशी, अंगात ताप घेऊन, डॉक्टरांना विचारले. पुढे जवळजवळ सहा आठवडे मी हा पट्टा रोज वापरला, दोन निराळ्या बनावटींचा अनुभव घेतला, आणि आता त्याच्याबद्दल बरेवाईट दोन्ही सांगता येईल असे वाटते. बनवणाऱ्यांची नावे मुद्दामच देत नाही, कारण शिलाई आणि इलॅस्टिक यांपेक्षा माझी मोठी तक्रार खोक्यावर जे छापलेले नव्हते त्याबद्दल आहे.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. बोलताना आपण ‘गोट्या’ म्हणतो त्या दोन ग्रंथी म्हणजे वृषणे, आणि ती ज्या कातडी पिशवीत असतात तो अंडकोश. या अंडकोशाला खालून उचलून शरीराशी लगत धरणारी कापडी झोळी म्हणजे स्क्रोटल सपोर्ट. कमरेला रुंद इलॅस्टिकचा पट्टा, पुढे सुती किंवा जाळीदार कापडाची झोळी आणि मांड्यांच्या मागून कमरेकडे जाणाऱ्या दोन पट्ट्या, ही एक बनावट. खेळाडू वापरतात तो सपोर्टर याच जातीचा. दुसऱ्या बनावटीत झोळीच्या वरच्या बाजूला लिंगासाठी मोकळी जागा ठेवलेली असते आणि झोळीच्या कडेला नाडी असते, त्यामुळे सुजेच्या मानाने ती सैल किंवा घट्ट करता येते. पहिली बनावट मी घाईत घेतली आणि दुसरी डॉक्टरांच्या सांगण्यावरून. सुजलेल्या अंडकोशासाठी दुसरीच योग्य, हे माझे मत इथेच नोंदवून ठेवतो.

ती घाई कशी झाली ते आता सांगायला हवे. एका दुपारी उजव्या बाजूला जडपणा जाणवू लागला. संध्याकाळपर्यंत त्याचे दुखणे झाले, रात्री कूस बदलताना कळ येऊ लागली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना प्रत्येक पायरीला खाली हिसका बसू लागला. दिवसभराचे बैठे काम, त्यात आदल्या दिवशी एक जड कपाट सरकवलेले, तेव्हा शीर ताणली असणार, हे निदान मी स्वतःच करून टाकले. खरे सांगायचे तर ते मला पटले होते असे नाही, ते सोयीचे होते. खांदा दुखला असता तर घरात दहा वेळा सांगितले असते. हे मात्र कोणालाही सांगितले नाही. खोक्यावर ‘वेदना, सूज व ताण यांपासून आराम’ अशा अर्थाची एक ओळ होती, शेजारी हसऱ्या तरुणाचे चित्र होते आणि धुण्याच्या सूचना तीन ओळींत दिलेल्या होत्या. डॉक्टरांकडे केव्हा जावे याविषयी एक शब्दही नव्हता.

पट्टा चढवला आणि पाच मिनिटांत बरे वाटले. हे मोकळेपणाने मान्य करायला हवे, कारण वस्तू तिचे काम खरोखरच करते. वृषणाभोवती एक चिवट, तंतुमय आवरण असते. ते फारसे ताणले जात नाही, म्हणून आत थोडी जरी सूज आली तरी दाब वाढतो आणि दुखणे सुजेच्या मानाने फार मोठे वाटते. शिवाय वृषण एका दोरीसारख्या जुडग्याला टांगलेले असते, ज्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि वीर्यवाहिनी एकत्र असतात. सुजून जड झालेला भाग चालताना या जुडग्याला ओढत राहतो आणि ती ओढ जांघेतून थेट ओटीपोटापर्यंत जाणवते. झोळीने ते वजन उचलून धरले की ओढ थांबते, एवढीच यातली किमया आहे. मोडलेला हात गळ्यातल्या झोळीत ठेवल्यावरही असेच बरे वाटते. पण हात झोळीत ठेवला म्हणून हाड जुळून आले असे कोणी समजत नाही. मी मात्र नेमके तेच समजलो.

दोन दिवस मी पट्ट्याच्या जोरावर काढले. लघवीला किंचित जळजळ होती, तिचा संबंध मी पाणी कमी प्यायल्याशी जोडला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला, आणि पट्टा काढून पाहिले तर उजवी बाजू डावीच्या दुप्पट झालेली, वरची कातडी लाल आणि तुकतुकीत. तेव्हा कुठे मी उठलो आणि युरॉलॉजिस्टकडे गेलो.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो “किती वाजता सुरू झालं?” हा. मी म्हणालो, नेमकी वेळ सांगता येणार नाही, दुपारपासून हळूहळू वाढत गेले. त्यांनी पुन्हा विचारले, “झोपेतून जागे झालात का दुखण्यानं? उलटी, मळमळ?” मी नाही म्हटल्यावर ते थोडे निश्चिंत झाल्यासारखे वाटले. मग तपासणी झाली. आधी न दुखणारी बाजू, नंतर दुखणारी. वृषणाच्या मागच्या अंगाला त्यांनी बोट टेकवले तेव्हा मी टेबलावरून जवळजवळ उठून बसलो. मांडीच्या आतल्या बाजूला त्यांनी बोटाने हलकेच ओरखडल्यासारखे केले आणि त्या बाजूचे वृषण वर ओढले जाते का ते पाहिले. सगळे मिळून चार मिनिटेही लागली नसतील, आणि ज्या चार मिनिटांच्या लाजेने मी तीन दिवस घालवले होते ती इतक्या सहजपणे संपली याचे मला नंतर हसू आले. खुर्चीवर ठेवलेला माझा पट्टा पाहून ते म्हणाले, “हा घातल्यावर बरं वाटलं असेल. म्हणूनच उशीर झाला ना?”

वेळ विचारण्यामागे त्यांना एक शंका होती, आणि ती समजावून घेतल्याशिवाय या वस्तूचे परीक्षण करण्यात अर्थ नाही. वृषण ज्या जुडग्याला टांगलेले असते त्यालाच कधी कधी पीळ बसतो. डॉक्टर याला टॉर्शन म्हणतात. पिळामुळे रक्तपुरवठा तुटतो आणि वृषण मरू लागते. पहिल्या ६ तासांत पीळ सोडवला तर ते वाचण्याची शक्यता फार चांगली असते, १२ तासांनंतर ती झपाट्याने कमी होत जाते आणि २४ तास उलटून गेल्यावर बहुधा ते काढूनच टाकावे लागते. हे दुखणे सहसा एका बाजूला, अचानक आणि जीवघेणे सुरू होते, म्हणून ते झालेल्या माणसाला बहुतेक वेळा घड्याळातली वेळ सांगता येते. सोबत मळमळ किंवा उलटी होते, वृषण वर चढलेले किंवा आडवे झालेले दिसते, आणि मांडीवर ओरखडल्यावर ते वर ओढले जाण्याची नेहमीची प्रतिक्रिया बहुधा मिळत नाही; माझ्या मांडीवर बोट फिरले ते यासाठीच. मार लागलाच पाहिजे असे नाही, गाढ झोपेतही पीळ बसतो. वयात येणाऱ्या मुलांमध्ये, साधारण १२ ते १८ वर्षांच्या दरम्यान, हा प्रकार सर्वाधिक दिसतो, पण चाळिशी ओलांडलेल्या माझ्यासारख्यालाही तो होऊ शकतो. काहींच्या वृषणांची आतली पकड जन्मतःच सैल असते आणि ती घंटेतल्या लोलकासारखी मोकळी हलतात. ही ठेवण बहुधा दोन्ही बाजूंना असते, म्हणून शस्त्रक्रियेत एका बाजूचा पीळ सोडवला की दुसऱ्या बाजूचे वृषणही टाके घालून जागच्या जागी बसवतात.

याचा आणि सपोर्टचा संबंध कसा येतो ते पाहण्यासारखे आहे. १९३४ मध्ये प्रेन नावाच्या डॉक्टरांनी एक खूण नोंदवली होती: अंडकोश हाताने वर उचलल्यावर दुखणे कमी झाले तर तो संसर्ग समजावा, आणि कमी झाले नाही तर पीळ. ही खूण वैद्यकाच्या पुस्तकांत अजून भेटते, पण तिच्यावर विसंबून पीळ नाही असे ठरवू नये, हेच आता शिकवले जाते, कारण ती दोन्ही बाजूंनी चुकते. माझा पट्टा म्हणजे हीच खूण कापडात शिवलेली. तो घालून बरे वाटते, त्या अर्थी गंभीर काही नसणार, असा निष्कर्ष मी काढला होता, आणि तो महागात पडला नाही तो केवळ माझे दुखणे वेगळे निघाले म्हणून. पीळ असता तर पट्ट्याने दिलेल्या आरामात माझे एक वृषण पहिल्याच दिवशी गेले असते.

याहून फसवा प्रकार म्हणजे आपोआप थांबणारे दुखणे. पीळ बसतो, अर्ध्या-एक तासात स्वतःच सुटतो, आणि माणूस सुटकेचा निःश्वास टाकून कामाला लागतो. असे होत राहिले तर एखाद्या वेळी तो न सुटण्याचा धोका असतो, म्हणून अचानक येऊन अचानक थांबलेल्या तीव्र दुखण्यासाठीही, त्या क्षणी काहीही दुखत नसताना, डॉक्टरांकडे जायचे असते. मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. लाजेने म्हणा किंवा खरोखरच तसे जाणवते म्हणून म्हणा, ती पोटात दुखते असे सांगतात, आणि पोटदुखीचे औषध देण्यात मोलाचे तास निघून जातात. माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. त्या आठवड्यात एका रात्री आम्ही दोघांनी, एकमेकांकडे न पाहता, या विषयावर दहा मिनिटे बोलून घेतले. सपोर्टच्या खोक्यावर मी जाड पेनाने लिहून ठेवले आहे: ‘अचानक दुखले तर हे उघडू नये. रात्रीचे दोन वाजले असले तरी मला उठवावे.’ कारखान्यातून छापून यायला हवी होती ती ओळ, असे माझे अजूनही म्हणणे आहे.

माझी सोनोग्राफी त्याच संध्याकाळी झाली. थंडगार जेल आणि वर फिरणारा छोटा प्रोब यापलीकडे तिच्यात घाबरण्यासारखे काही नाही. दुखऱ्या जागी प्रोब टेकतो तेव्हा दात ओठ खावे लागतात, तेवढेच. डॉपलर पद्धतीत रक्ताचा प्रवाह पडद्यावर लाल-निळ्या रंगांत दिसतो. पिळात तो कमी झालेला किंवा थांबलेला दिसतो, संसर्गात उलट वाढलेला. माझ्या उजव्या बाजूचा पडदा रंगांनी भरून गेला होता आणि डावीकडे चार-दोन ठिपके होते. तपासणाऱ्या डॉक्टरांनी दोन्ही चित्रे शेजारी ठेवून दाखवली तेव्हा काय झाले आहे ते मला न सांगताच कळले. मात्र पिळाची शंका दाट असेल तेव्हा सोनोग्राफीसाठीही थांबत नाहीत, रुग्णाला सरळ शस्त्रक्रियेला नेतात.

निदान झाले ते अधिवृषणाच्या संसर्गाचे. वृषणाच्या मागच्या अंगाला चिकटलेली, शुक्राणू साठवणारी ही गुंडाळीदार नळी. संसर्ग तिच्यापासून सुरू होऊन माझ्या वृषणापर्यंत पोहोचला होता. सर्वसाधारणपणे पस्तिशीच्या आत हा संसर्ग क्लॅमिडिया किंवा गोनोरिया यांसारख्या, लैंगिक संबंधातून येणाऱ्या जंतूंमुळे होतो, आणि पस्तिशीनंतर बहुतेकदा मूत्रमार्गातून चढणाऱ्या ई. कोलायसारख्या जंतूंमुळे. वयावरून नुसता अंदाज बांधता येतो, म्हणून डॉक्टर आडपडदा न ठेवता संबंधांविषयी विचारतात, आणि त्याचे उत्तर खरे द्यावे, कारण त्यावर औषध ठरते आणि जोडीदारालाही उपचार लागतील की नाही तेही ठरते. माझी लघवी तपासायला आणि कल्चरला, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखायला, दिली आणि प्रतिजैविके सुरू झाली. घरात उरलेल्या गोळ्या अशा वेळी घेण्याचा मोह होतो. त्याने जंतू पुरते मरत नाहीत आणि कल्चरमधून ते सापडेनासे होतात. ताप आणि दुखणे दोन-तीन दिवसांत उताराला लागले. “तीन दिवसांत फरक पडला नाही तर फोन करू नका, सरळ या,” असे डॉक्टरांनी बजावले होते, कारण तेव्हा पू झाला आहे का किंवा निदानच वेगळे आहे का हे पाहावे लागते. सूज मात्र आठवडे रेंगाळते, आणि सपोर्टची खरी नोकरी तिथून सुरू झाली.

पहिला, खेळाडूंच्या बनावटीचा पट्टा या कामाला निरुपयोगी ठरला. कमरेच्या मापाने मोठा-मध्यम-लहान असे प्रकार मिळतात, पण झोळीचे माप कोणी लिहीत नाही. माझ्या कमरेला बरोबर बसणाऱ्या पट्ट्याची झोळी सुजलेल्या अंडकोशाला इतकी अपुरी होती की ती उचलण्याऐवजी दाबत होती. उचलणे आणि दाबणे यातला फरक हाताला लगेच कळत नाही. तो संध्याकाळी, कातडीवर उमटलेल्या जाळीच्या खुणांवरून कळतो. नाडीच्या बनावटीने ही अडचण सोडवली. पहिल्या आठवड्यात नाडी जवळजवळ मोकळी ठेवली आणि सूज उतरत गेली तशी ती आवळत नेली. घालण्याची रीत अशी की आधी पाठीवर पडून राहावे, म्हणजे रक्त आणि सूज थोडी ओसरते, मग झोळी खालून भरावी आणि त्यानंतर उभे राहून पट्टा बसवावा. उभ्याने घातलेला पट्टा दिवसभरात तीनदा सारखा करावा लागतो. कमरेचा पट्टा पोटावर न बसवता कमरेच्या हाडांवर बसवला तर बसल्यावर तो दुमडत नाही. हे सगळे मला चुका करत करत कळले. खोक्यातल्या कागदावर दोन चित्रे होती आणि दोन्हींत माणूस उभाच होता.

झोपताना पट्टा काढून ठेवावा. शुक्राणू नीट तयार व्हायला वृषणांना शरीरापेक्षा २ ते ४ अंश सेल्सिअस कमी तापमान लागते, म्हणूनच निसर्गाने ती बाहेर टांगली आहेत, आणि त्यांना दिवसरात्र अंगाशी आवळून ठेवण्याचे कारण नाही. रात्री मी मांड्यांमध्ये टॉवेलची सुरळी ठेवून त्यावर अंडकोश टेकवत असे. खरे सांगायचे तर पहिल्या तीन रात्री या टॉवेलने जितका आराम दिला तितका पट्ट्यानेही दिला नाही. बर्फही लावला, पण तो कापडात गुंडाळून, एका वेळी दहा-पंधरा मिनिटे. नुसता बर्फ कातडी भाजून काढतो.

हा पट्टा आणखी कोणत्या दुखण्यांत चालतो असे मी डॉक्टरांना विचारले होते, आणि त्यांनी त्यावर बराच वेळ दिला. व्हेरिकोसीलमध्ये, म्हणजे अंडकोशातल्या शिरा फुगतात तेव्हा, तो चांगला उपयोगी पडतो. सुमारे १५ टक्के पुरुषांना हा त्रास असतो, बहुधा डाव्या बाजूला, कारण डावीकडची शीर वर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी येणारे ओढल्यासारखे दुखणे, जे आडवे पडल्यावर कमी होते, ते याचे लक्षण. हाताला शिरांचा गुंता गांडुळांच्या पुडक्यासारखा लागतो. पण तो गुंता एकट्या उजव्या बाजूला असेल, किंवा आडवे पडूनही उतरत नसेल, तर पोटाची सोनोग्राफी करून मूत्रपिंडापाशी काही अडथळा आहे का हे पाहावे लागते. मोठ्या वयात गालगुंड झाले तर गाल सुजल्यावर काही दिवसांनी वृषण सुजू शकते. तो विषाणू असल्याने प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही, आणि विश्रांती, वेदनाशामक व सपोर्ट हेच मुख्य उपचार उरतात. नसबंदीनंतरचे पहिले काही दिवस तर हा पट्टा घालायला सांगतातच.

अंतर्गळ, म्हणजे हर्निया अंडकोशात उतरलेला असेल, तर मात्र हा पट्टा त्याला अडवत नाही, नुसता झाकतो. आडवे पडल्यावर आत जाणारा फुगवटा एके दिवशी आत जाईनासा झाला, कडक होऊन दुखू लागला आणि उलट्या सुरू झाल्या, तर आतडे अडकलेले असते आणि ती तातडीची वेळ असते. मुतखड्याच्या कळाही वृषणात येतात आणि तिथे पट्ट्याचा काडीइतका उपयोग नसतो. वृषणे गर्भात असताना मूत्रपिंडांच्या जवळ तयार होतात आणि नंतर खाली उतरतात, पण त्यांचे मज्जातंतू वरूनच आलेले असतात, त्यामुळे दुखते वर आणि कळते खाली. अशा माणसाला एका जागी बसवत नाही, मात्र वृषणाला हात लावला तर तिथे काहीच दुखत नाही. मार लागल्यावर क्षणभर डोळ्यांपुढे काजवे चमकणे साहजिक आहे, पण तासाभरात दुखणे ओसरले नाही, सूज वाढली, काळेनिळे झाले किंवा लघवीत रक्त दिसले, तर आवरण फाटलेले असू शकते. मधुमेह असलेल्या माणसाची तिथली कातडी लाल होऊन पसरू लागली, दिसते त्यापेक्षा दुखणे फार जास्त असले किंवा कातडी काळी पडू लागली, तर पट्टा, मलम, शेक यांतले काहीही न करता थेट रुग्णालय गाठावे, तेही त्याच तासात.

आणि न दुखणारी गाठ. सपोर्टच्या परीक्षणात तिचे काय काम असे वाटेल, पण जडपणा वाटतो म्हणून पट्टा घेणाऱ्यांमध्ये असाही कोणी असू शकतो. तरुण पुरुषांमध्ये, साधारण १५ ते ३५ वर्षांच्या वयात, वृषणाचा कर्करोग सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे, आणि तो बहुतेकदा न दुखणाऱ्या कडक गाठीच्या किंवा नुसत्या जडपणाच्या रूपात सुरू होतो. लहानपणी ज्यांचे वृषण खाली उतरलेले नव्हते त्यांना त्याचा धोका अधिक असतो. वेळेवर कळला तर तो बरा होण्याचे प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर आहे, त्यामुळे इथे घाबरून घरी बसण्यासारखा आतबट्ट्याचा व्यवहार दुसरा नाही. आंघोळीच्या गरम पाण्याने अंडकोश सैल झालेला असताना अंगठा आणि दोन बोटांमध्ये वृषण हलकेच फिरवून पाहिले तर नवी गाठ हाताला लागते. मागच्या बाजूचा मऊ, दोरीसारखा उंचवटा म्हणजे अधिवृषण. ते सगळ्यांनाच असते. तसेच एक वृषण दुसऱ्यापेक्षा थोडे खाली असणेही नेहमीचेच, बहुधा डावे.

आता वस्तूचे दोष, कारण परीक्षण म्हटल्यावर ते सांगायला हवेत. मांड्यांच्या पट्ट्यांची शिवण जाड आहे आणि ती बरोबर जांघेच्या घडीत येते. दुसऱ्या आठवड्यात तिथली कातडी सोलवटली आणि मला शिवणीखाली मऊ कापडाची पट्टी ठेवावी लागली. इलॅस्टिकचा ताण रोजच्या धुण्याने चौथ्या आठवड्यापासून कमी होत गेला. पट्टा घामट होतो, आणि ओलसर पट्टा तसाच चढवला तर जांघेत गजकर्ण होण्याला आमंत्रण मिळते, म्हणून दोन नग लागतातच. एक अंगात, एक वाळत. इलॅस्टिकमध्ये रबर असते हे खोक्यावर बारीक अक्षरांत होते, ज्यांना रबराची ॲलर्जी आहे त्यांना ते मोठ्या अक्षरांत हवे. दुकानदार उघडलेला नग परत घेत नाही, आणि या वस्तूच्या बाबतीत ते योग्यच आहे, पण मग झोळीचे माप आधी कळण्याची काही सोय हवी. पाचपैकी गुण द्यायचे तर नाडीच्या बनावटीला चार देईन, खेळाडूंच्या बनावटीला या कामासाठी दोन, आणि दोन्ही खोक्यांवरच्या मजकुराला शून्य.

सहाव्या आठवड्यात शेवटची तपासणी झाली. मागच्या बाजूला वाटाण्याएवढा कडकपणा उरला होता. डॉक्टरांनी तो चाचपला आणि पुन्हा एकदा सोनोग्राफी करून घेतली, कारण संसर्गाच्या सुजेआड कधी कधी गाठ लपलेली असते आणि सूज उतरल्यावरच ती दिसते. माझ्या बाबतीत तसे काही निघाले नाही, तो कडकपणा हळूहळू विरेल असे ते म्हणाले, आणि पट्टा आता नाही घातला तरी चालेल असेही. त्यानंतर दोन-तीन दिवस कपडे करताना काहीतरी घालायचे राहून गेले आहे असे वाटत राहिले आणि मी उगाचच कमरेला हात लावून पाहत होतो.